बाहुलीवर बसणारा हात

प्रश्न : माझी मुलगी रेडिओलॉजी टेक्निशियन. सोनोग्राफर व्हायला इंग्लंडला गेलीय. तिथं सुरुवातीला पेशंट नाही, रबरी पुतळ्यावरच प्रोब (अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं हातातलं यंत्र) फिरवायला देतात म्हणते. एवढी फी भरून बाहुलीवर काय शिकणार?
– एक वडील, गडहिंग्लज

उत्तर : भाऊ, फी वाया गेलेली नाही. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत २६ वर्षं सोनोग्राफी करते. मी शिकले तेव्हा पुतळा नव्हता. आतून करायची सोनोग्राफी पहिल्यांदा केली ती कागलकडच्या एका बाईंवर. प्रोब कुठं वळवावा कळेना, मी चाचपडत राहिले. त्यांनी पदर दातांत धरला होता. शेवटी म्हणाल्या, "बाई, जरा दमानं घ्या वो." ते चाचपडणं पुतळ्यावर व्हायला हवं होतं, त्यांच्यावर नाही.

आणि तो पुतळा म्हणजे नुसतं रबर नव्हे. आवाज शरीरात सेकंदाला १५४० मीटर जातो असं धरूनच मशीन खोली मोजतं, म्हणून आतला मसाला त्याच वेगाचा लागतो. साध्या सिलिकॉनमध्ये हा वेग हजाराच्या आसपास. ५ सेंटिमीटर खोल असलेली गाठ पडद्यावर साडेसातच्या पुढं दिसेल.

माझ्याकडं शिकायला येणाऱ्या डॉक्टरांसाठी मी घरीच असा एक गोळा बनवते. घट्ट जिलेटिन, त्यात इसबगोल ढवळायचं. लिव्हरसारखा करडा पोत येतो. हातमोज्याचं बोट पाण्यानं भरून, गाठ मारून आत पुरायचं, शेजारी एक खडा. पडद्यावर बोट काळंभोर आणि त्याच्यामागं उजळ पट्टा. खड्यामागं मात्र काळी सावली. पित्ताचा खडा ओळखायची खूण हीच. एकदा असं बघितलं की विसरत नाही.

श्वास, पोटातला गॅस, घाबरलेला चेहरा हे पुतळ्यात नाही. ते पुढं पेशंटवरच, सिनिअर शेजारी उभा असताना.

एक मात्र आत्ताच सांगते. आपल्याकडं १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं गरोदर बाईची सोनोग्राफी पात्र डॉक्टरनंच करायची, टेक्निशियननं नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. तेव्हा ही कडक अट मला योग्यच वाटते. परत यायचा विचार असेल तर तिनं हे धरूनच बेत करावा.

फोन कराल तेव्हा तिला विचारा, प्रोब धरताना करंगळी कातडीवर टेकवतेस का? टेकली की हात घसरत नाही, आणि दाब किती पडतोय ते आपलं आपल्याला कळतं.