‘सर, त्याने खरंच टायमिंग येतं का?’

प्रिय मुली,

ग्राउंडवरच्या दोघींचं टायमिंग दोन महिन्यांत एकदम सुधारलं, त्या काहीतरी ‘घेतात’ अशी कुजबुज आहे, आणि त्याने खरंच फरक पडतो का, असं तू विचारलं आहेस. पडतो. काही औषधांनी नक्की पडतो.

‘त्याचा काही उपयोग नसतो, नुसतं शरीराचं वाटोळं’ असं सांगणारे प्रशिक्षक मला माहीत आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो. पण मुलं डोळ्यांनी उलटंच बघतात आणि मग शरीराच्या वाटोळ्याची गोष्टही त्यांना थापच वाटते. तुझ्याशी मला तसं वागायचं नाही.

1996 साली अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांवर एक प्रयोग केला. दहा आठवडे, दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक. काहींना खरं इंजेक्शन, काहींना औषध नसलेलं. त्यातल्या निम्म्यांनी वजनं उचलली, निम्म्यांनी काहीच व्यायाम केला नाही. नुसता व्यायाम केलेल्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे 2 किलोंनी वाढलं. व्यायाम न करता इंजेक्शन घेतलेल्यांचं सुमारे 3 किलोंनी. दोन्ही केलेल्यांचं 6 किलोंनी. म्हणजे खुर्चीत बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. हे आकडे मला आजही अस्वस्थ करतात, कारण तुझ्यासारख्या मुली पहाटे पाचला उठून जे कमावतात, ते तिथे सुईतून मिळालं होतं.

मुलींच्या बाबतीत तर परिणाम आणखी मोठा, कारण त्यांच्या शरीरात हे संप्रेरक मुळात फार थोडं असतं. पूर्व जर्मनीने हे सरकारी योजना म्हणून केलं. 1974 पासून ‘राज्य योजना 14.25’ या नावाखाली खेळाडूंना ओरल-ट्युरिनाबोल हे स्टिरॉइड, म्हणजे याच संप्रेरकासारखं कृत्रिम औषध, दिलं जाई. 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जलतरणातल्या 13 पैकी 11 सुवर्णपदकं त्यांनी नेली. तिथल्या क्रीडावैद्यक विभागातले डॉ. मानफ्रेड होपनर यांनी 1977 मध्ये गुप्तहेर खात्यासाठी एक अहवाल लिहिला होता. चार वर्षांत या औषधांनी किती फरक पडतो, याचे त्यात आकडेच आहेत: महिलांच्या 400 मीटरमध्ये 4 ते 5 सेकंद, 800 मीटरमध्ये 5 ते 10 सेकंद, गोळाफेकीत साडेचार ते पाच मीटर. चार वर्षांच्या सरावाचं श्रेयही त्यात गोळीच्याच खात्यावर टाकलेलं असणार, असं मला वाटतं. ते वजा केलं तरी उरतं ते थोडं नाही. तू 800 पळतेस. पाच सेकंद म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. त्यातल्या कित्येक मुली तेव्हा अल्पवयीन होत्या आणि गोळ्या ‘व्हिटॅमिन’ म्हणून दिल्या जात. आवाज घोगरा झाला, तो गोळ्या बंद केल्यावरही परत आला नाही. चेहऱ्यावर केस आले, पाळी बिघडली, यकृताचे विकार जडले. 2000 साली बर्लिनच्या न्यायालयात होपनर आणि क्रीडा संघटनेचे प्रमुख मानफ्रेड एवाल्ड दोषी ठरले, पण शिक्षा स्थगित. त्या बायकांची शरीरं मात्र त्यांच्याकडे जन्मभरासाठी राहिली. आणि लक्षात घे, तिथे डॉक्टर होते, डोस ठरलेले होते, परदेशी जाण्याआधी नमुने तपासायला क्राइशा या गावी स्वतःची प्रयोगशाळा होती. उद्या तुला एखादी बाटली आणून देणाऱ्याकडे यातलं काय असेल?

बाजारात ‘घेतात’ म्हणून जे विकलं जातं, ते सगळंच इतकं परिणामकारक असतं असंही नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ घे. 1996 ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या बियार्ने रीसने 2007 मध्ये ते घेतल्याची कबुली दिली. त्याच शर्यतीतली लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं उत्तेजकांमुळे 2012 मध्ये काढून घेतली गेली. मग हॉलंडच्या संशोधकांनी चांगला सराव असलेल्या 48 हौशी सायकलपटूंवर आठ आठवडे त्याची चाचणी घेतली: एका गटाला ईपीओ, दुसऱ्याला औषध नसलेलं इंजेक्शन. प्रयोगशाळेत, दम संपेपर्यंतच्या चाचणीत थोडा फायदा दिसला. पण शेवटी माँ व्हाँतू या डोंगरावर शर्यत लावली, तेव्हा दोन्ही गटांच्या वेळेत फरक नव्हता. ते अव्वल व्यावसायिक नव्हते, म्हणून एवढ्यावरून ईपीओ निरुपयोगी ठरवणं मला पटत नाही. रक्त दाट होण्याचा धोका मात्र अव्वल आणि हौशी असा भेद करत नाही.

तुला सर्वांत महत्त्वाचा वाटावा असा प्रयोग ग्लासगोतला. क्लब पातळीच्या धावपटूंना ईपीओसारखं औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं, आणि 3 किलोमीटरची त्यांची वेळ 1.2 टक्क्यांनी सुधारली. तुझ्या ग्राउंडवरच्या सुधारणेतला किती भाग औषधाचा आणि किती ‘आता आपल्याला जमणारच’ या विश्वासाचा, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. तशी त्या दोघींची वयंही वाढीची आहेत. दोन महिन्यांत टायमिंग सुधारायला नुसता नीट सरावही पुरतो, तेव्हा कुजबुजीवरून त्यांना दोषी धरू नकोस.

भरतीच्या मैदानांवर आणि जिममध्ये मेफेंटरमिनची इंजेक्शनं मारतात, तीही तुला कुणीतरी दाखवील. भूल दिल्यावर रक्तदाब फार उतरला तर तो वर आणण्याचं ते औषध. त्याने थकवा जात नाही, तो जाणवेनासा होतो, आणि हृदय मात्र पळतच राहतं. याला हात लावायचा नाही. यावर आपण चर्चासुद्धा करणार नाही.

पावडरच्या डब्यांचं वेगळं सांगतो, कारण तिथे फसवणूक न मागता होते. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक तपासणाऱ्या प्रयोगशाळेने वेगवेगळ्या देशांतली 634 सप्लिमेंट तपासली होती, त्यातल्या 94 मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइडसारखी द्रव्यं सापडली. 2010 च्या आशियाई स्पर्धेत 4×400 रिलेचं सुवर्ण जिंकलेल्या आपल्या संघातल्या तिघी पुढच्याच वर्षी उत्तेजक चाचणीत पॉझिटिव्ह आल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या सप्लिमेंटमधून ते आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी दोन वर्षांची बंदी बसलीच. नियमच असा आहे: तुझ्या शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदार तूच.

आता तुझं काम. गावाकडच्या लांब पल्ल्याच्या आणि मध्यम पल्ल्याच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे, आणि ती कमतरता भरून निघाली की टायमिंगमध्ये जो फरक पडतो, तो लपवावा लागत नाही. या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, तिथे होत नसेल तर लॅबमध्ये कर, पैशांचं मी बघतो. पाळी नियमित आहे का, तेही डॉक्टरांना स्वतःहून सांग. आईला बरोबर ने. आणि सध्या खोलीवर जो पावडरचा डबा आहे, त्याच्या चारही बाजूंचे फोटो मला पाठव. माझं उत्तर येईपर्यंत तो उघडू नकोस.

तुझा,
सर