जपानमध्ये बेघर होणं म्हणजे आधी पत्ता जाणं

तुम्ही विचारलंय, टोकियोत रस्त्यावर राहणारी माणसं खरंच आहेत का, आणि वर्षाच्या कंत्राटावर, कंपनीच्या खोलीत राहणाऱ्या परदेशी माणसावर ती वेळ येऊ शकते का. दोन्हीचं उत्तर हो.

सरकारी मोजणीत जपानभरात २००३ साली २५,२९६ बेघर होते, २०२४ साली २,८२०. या आकड्यावर विसंबू नका. मोजतात ते बागा, नदीकाठ, रस्ते, स्टेशनं इथले लोक. नेट कॅफेत रात्र काढणारे त्यात धरत नाहीत. टोकियो प्रशासनानं २०१८ साली जाहीर केलेल्या पाहणीत असे रोजचे सुमारे ४,००० निघाले. शिवाय हात पसरणारं क्वचितच कोणी दिसतं. नदीकाठी निळी ताडपत्री, बाहेर जोडीनं लावलेल्या चपला, सायकलीवर चेपलेल्या डब्यांच्या फुगलेल्या पिशव्या. नवख्या माणसाला कळतही नाही.

तिथं सगळं पत्त्यावर अडतं. ऑक्टोबर २०१९ च्या हागिबिस वादळात टोकियोच्या ताइतो वॉर्डाच्या निवाऱ्यातून बेघरांना परत पाठवलं, कारण वॉर्डात त्यांचा पत्ता नव्हता! वॉर्डप्रमुखांनी नंतर माफी मागितली, पण त्या रात्री त्या माणसांना तिथं आसरा मिळाला नव्हता.

कंपनीची खोली नोकरीबरोबर जाते. २००८ च्या मंदीत कंत्राटी कामगारांचं हेच झालं; वर्षअखेरीस टोकियोच्या हिबिया बागेत त्यांच्यासाठी तंबू लागले. नवी खोली घ्यायची तर अनामत, रेइकिन (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम), दलाली, हमी कंपनीची (भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीची) फी धरून चार-पाच महिन्यांचं भाडं एकरकमी लागतं, आणि बिननोकरीच्या माणसाला हमी कंपनी सहसा उभी करत नाही. म्हणून पगार चालू असतानाच यूआर या सरकारी गृहसंस्थेची भाड्याची घरं बघा. तिथं रेइकिन, दलाली, हमीदार लागत नाही.

नोकरी गेलीच तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवा आणि लगेच हॅलो वर्क (सरकारी रोजगार केंद्र) गाठा. कंपनीनं काढलं असेल तर राजीनाम्यावर सही करू नका: बेकारी भत्त्यासाठी काढलेल्याला एका वर्षात ६ महिने रोजगार विमा भरलेला पुरतो, स्वतः सोडणाऱ्याला दोन वर्षांत १२ महिने लागतात, वर पैसे उशिरा सुरू होतात. सेइकात्सु होगो, म्हणजे सरकारी निर्वाहभत्ता, कामाच्या व्हिसावर मिळत नाही. घरभाड्याची मदत मात्र वॉर्डात मागता येते; ती साधारण ३ महिने, थेट घरमालकाला जाते. खोली सुटायच्या आधीच अर्ज करा.

मित्राकडे राहणार असाल तर त्याच्या घरमालकाला आधी विचारा, बहुतेक करारांत जादा माणूस चालत नाही. राहायला गेल्यावर १४ दिवसांत तो पत्ता वॉर्डात नोंदवा. जुना पत्ता सुटून ९० दिवसांत नवा दिला नाही, तर व्हिसा रद्द होऊ शकतो.