मुलाला जळगावात कापड दुकानात लावावं का? ऑनलाइनमुळे ती नोकरी टिकेल?

लावा, पण नुसत्या साड्या उलगडण्यावर आता भागत नाही. माझा मावसभाऊ फुले मार्केटात तेच करायचा. हल्ली सकाळी साडी खांद्यावर टाकून मोबाइलसमोर उभा राहतो, व्हॉट्सॲपवर फोटो धाडतो, दुपारी चोपडा-यावलची पार्सलं बांधतो. पगार तोच, कामं तीन! गोलाणी मार्केटातल्या मोबाइलवाल्यांकडे तर गिऱ्हाईक ऑनलाइन भाव बघूनच येतं, म्हणून खरा आधार दुरुस्तीचा. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तेव्हापासून गल्ल्यावरचं सुटे मोजणंही कमी होत गेलं.

डिलिव्हरीचं काम लवकर मिळतं. पण गाडी आपली, पेट्रोल आपलं, मे महिन्यातलं ऊनही आपलंच. आणि बहुतेकांना पैसे पार्सलमागे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्यात गिग कामगार, म्हणजे असं कामागणिक पैसे मिळवणारे, आले आहेत, तेव्हा त्यात पडलाच तर ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा, फुकट होतं.

लग्नाचा बस्ता मात्र आमच्याकडे अजून मोबाइलवर बांधत नाहीत. गाडी भरून माणसं येतात, चहा होतो, पन्नास साड्या उलगडतात आणि नवरीची आत्या एक्कावन्नावी मागते.