वर्षभरात ५० पुस्तके वाचण्याचे आव्हान घेतले आहे. पुढे काय वाचायचे याची यादी कशी ठरवावी?

आपण विचारले आहे ते यादीविषयी: पन्नास पुस्तके जानेवारीतच ठरवून ठेवावीत की एक संपले की दुसरे शोधावे, आणि मध्येच मागे पडलो तर काय करावे. परंतु प्रश्नाच्या शेवटी आपण जाता जाता असेही लिहिले आहे की आपल्या गटात पूर्वी वाचलेले पुस्तक मोजले जाणार नाही, ‘आणि ते योग्यच आहे’. ते योग्य नाही. मी उत्तर लिहायला बसलो तो मुख्यतः या एका वाक्यामुळे, हे आरंभीच कबूल करतो.

यादीचे आधी सांगून टाकतो. सरासरी दोनशे पाने धरली तर पन्नास पुस्तकांची दहा हजार पाने होतात, म्हणजे दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस. लग्नकार्ये, आजारपणे, मुलांच्या परीक्षा आणि गणपती वजा केले तर वर्षाचे वाचनाचे दिवस तीनशेच उरतात आणि आकडा तेहेतीसच्या पुढे जातो. एवढे जमते. पन्नास नावांची यादी मात्र करू नये. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली असल्यामुळे पहिल्या वर्षी रकाने आखून, तारखा घालून बावन्न नावे लिहिली होती आणि मार्च उजाडेपर्यंत ती वही निरुपयोगी झाली होती. काही पुस्तके वाचनालयातून दुसऱ्या सभासदाने नेलेली, काही बांधणीला गेलेली, काहींची आवृत्ती संपून दहा-दहा वर्षे झालेली. मराठी वाचकाने यादी करताना पुस्तक हाती पडेल की नाही, याचा विचार आवडीच्याही आधी करावा. तीन-चार नावे पुढे असू द्यावीत, त्यांची मागणी ग्रंथपालांकडे नोंदवून ठेवावी, आणि दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत मोठी कादंबरी हाती घेऊ नये. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ते दिवस अंकांचे आहेत. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेचे पैसे भरल्यावर अंकांचा गठ्ठा वाचायचा सोडून कादंबरी वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अडीचशे पानांचा अंक पुस्तक म्हणून मोजावा की नाही, हा आमच्याही गटात वादाचा विषय होता. तो मी सोडून दिला. दुसरा सोडलेला नाही.

आमचा गट म्हणजे नात्यातली आणि ओळखीची तेवीस माणसे. आव्हान बावन्न पुस्तकांचे, आठवड्याला एक. नोंदी ठेवण्याचे काम माझ्या थोरल्या मेहुण्यांकडे होते आणि नियमही त्यांनीच केले होते: शंभर पानांहून लहान पुस्तक चालणार नाही, दिवाळी अंक चालणार नाही, पुनर्वाचन चालणार नाही. मेहुणे हिशेबाला चोख आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०२३च्या जुलैत माझी छत्तीस पुस्तके झाली होती आणि मी पहिल्या तिघांत होतो.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. माझी आत्या आमच्याकडेच राहते. तिचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते, आणि काचबिंदूमुळे तिला छापील अक्षर दिसेनासे होऊन तीन वर्षे झाली होती. अधिक महिन्यात रोज एक अध्याय पोथी वाचण्याचा तिचा जन्माचा नेम. १८ जुलैला सकाळी ती पोथी मांडीवर घेऊन नुसतीच बसलेली मला दिसली. पूजाअर्चेशी माझा फारसा संबंध नाही, तरीही मी तिच्या हातातून पोथी घेतली आणि वाचू लागलो. पहिल्या आठवड्यात तिने माझे उच्चार सुधारले, दुसऱ्या आठवड्यात माझी घाई. ओवी संपताना आवाज कुठे टेकवायचा हे मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, जिला अक्षर दिसत नाही अशा बाईकडून शिकलो. महिना संपला तेव्हा ती म्हणाली, “सवय लावलीस, आता पुढचं काय वाचणार ते सांग.” मी दोन-तीन नवी पुस्तके सुचवली. तिला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हवी होती. ती शाळेत असताना तिच्या आईने वाचून दाखवली होती, आणि मीही कॉलेजात असताना वाचली होती.

लक्ष्मीबाई अक्षरओळख शिकल्या त्या लग्नानंतर, आणि १९३४पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले त्यांचे हे आत्मचरित्र बाई समोर बसून बोलत असल्यासारखे लिहिलेले आहे. हे मला कॉलेजात कळले नव्हते. तेव्हा मी ते डोळ्यांनी वाचले होते, आणि डोळा नेहमी पुढच्या परिच्छेदाकडे धावतो. मोठ्याने वाचताना धावता येत नाही. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग आले की आत्या हसत असे, आणि हसता हसता तिच्या आजोळच्या सोवळ्याची अशीच एखादी गोष्ट सांगे. मग पाऊण तासात चार पाने झालेली असत. नवऱ्याच्या धर्मांतराचा भाग आला तेव्हा तिने दोन दिवस वाचन बंद ठेवायला सांगितले. कारण मी विचारले नाही. मधले काही दिवस तिच्या खोकल्यापायी आणि काही माझ्या आळसापायी बुडाले. बलिप्रतिपदेला पुस्तक संपले.

या तीन महिन्यांत माझी स्वतःची जेमतेम पाच पुस्तके झाली. मी गटात ‘स्मृतिचित्रे’ची नोंद केली आणि आत्याच्या नावापुढेही एक पुस्तक लिहावे अशी विनंती केली. मेहुण्यांनी दोन्ही नोंदी काढून टाकल्या. माझी काढली कारण पुस्तक पूर्वी वाचलेले होते, आणि आत्याची काढली कारण, त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो, “ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे.” मी हे आत्याला सांगितले. ती म्हणाली, “मग एवढी वर्षं कीर्तनाला गेले ती काय सावलीत बसायला?”

वर्षअखेरीस गटातल्या विजेत्याची पुस्तके एकसष्ट भरली आणि माझी बेचाळीस. हरल्याचे दुःख नाही, असे म्हणणे खोटे होईल, थोडे आहे. पण खरा मुद्दा वेगळा आहे. ठरलेल्या दिवसांत ठरलेले वाचन पुरे करण्याची रीत आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइलवरून आली, अशी या मंडळींची समजूत आहे. आपल्याकडे तिला पारायण म्हणतात. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी किती अध्याय वाचायचे हे ठरलेले असते. ज्ञानेश्वरीची पारायणे गावोगाव चालतात. दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत, आणि रोज एक समास वाचणारी माणसे दोनशे दिवसांनी पुन्हा पहिल्या समासाकडे येतात. पारायणाला बसलेल्या माणसाला ‘हे तुम्ही मागच्या वर्षी वाचले आहे, मोजता येणार नाही’ असे म्हणणारा कोणी भेटला आहे काय? तिथे तर कितवे पारायण हेच अभिमानाने सांगतात. ऐकण्याचे म्हणाल, तर समर्थांनी चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना पहिलाच समास श्रवणाला दिला आहे. हे मी मेहुण्यांना लिहून पाठवले. त्यांनी अंगठा दाखवणारे चित्र पाठवले. त्या अंगठ्याचा अर्थ काय घ्यावा, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

‘हे धर्मग्रंथांचे झाले, कादंबरीचे काय,’ असे आपण विचाराल. तर माझाच एक लाजिरवाणा अनुभव सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात मी दोन आठवडे मागे पडलो होतो, म्हणून कपाटातली बारीक बारीक पुस्तके काढली आणि त्यांत विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ एका रविवारी संपवली. सकाळी सुरू केली, जेवलो, वामकुक्षी घेतली, संध्याकाळी नोंद केली. पुढे आत्याने ती कशी आहे असे विचारले तेव्हा मला युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेले जहाज आणि महायुद्धाची चाहूल, यापलीकडे धड काही सांगता येईना. नायिकेचे, हेर्टाचे, नावसुद्धा चटकन आठवले नाही. कादंबरी लहान आहे. हलकी मुळीच नाही. मेहुण्यांच्या वहीत तिचे एक पुस्तक लागले आणि तीन महिने कानांवर पडलेल्या, वाक्यन्‌वाक्य आठवणाऱ्या ‘स्मृतिचित्रे’चे शून्य. पुढच्या वर्षी मी ‘रणांगण’ पुन्हा वाचली, सहा दिवस लावून. ते वाचनही अर्थातच मोजले गेले नाही.

आता पुढे काय वाचायचे याविषयी. माझा अनुभव असा की पुढचे पुस्तक हातातल्या पुस्तकातच कुठेतरी दडलेले असते, म्हणून मी आता यादी करीत नाही. वाचताना शेवटच्या कोऱ्या पानावर एखादी शंका लिहून ठेवतो, पेन्सिलीने, आणि पुस्तक वाचनालयाचे असेल तर चिठ्ठीवर. ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच सत्तावन सालच्या फाशीची हकिकत आहे आणि वडिलांचे सोवळ्याचे वेड तिच्यातूनच सुरू होते. त्या वेळच्या साध्या माणसांनी हा काळ कसा पाहिला असेल, असे आत्याने विचारले, म्हणून आम्ही गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घेतला. वरसई गावचा एक गरीब भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे जातो आणि झाशीच्या वेढ्यात सापडतो. १९०७ साली छापले गेलेले हे पुस्तक मी बावन्न नावांच्या यादीत कधीही लिहिले नसते. एकातून दुसरे असे निघत गेले की ‘आता काय वाचू’ हा प्रश्न वर्षातून तीन-चारदाच पडतो, आणि तेवढ्यासाठी ग्रंथपाल असतात.

दुसरा उपाय म्हणजे एक पुस्तक असे धरावे की जे घाईने संपवताच येत नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मी दर वर्षी त्या त्या मराठी महिन्यात त्याच महिन्याचा लेख, या क्रमाने वाचतो. मागे पडलो की बाकीच्या पुस्तकांना कात्री लावतो, याला नाही. आपणही मागे पडलात तर पन्नासाचे पस्तीस करा आणि गटाला तसे सांगून मोकळे व्हा. जाडी पाहून पुस्तके निवडू लागू नका. मी तेच केले आणि ‘रणांगण’ वाया घालवली.

मेहुण्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते हे उत्तर वाचून फोन करतील. त्यांचे म्हणणे असे की पुनर्वाचनाला मुभा दिली तर काही सभासद तीच चार पुस्तके वर्षभर फिरवून आकडा भरतील. ही भीती अगदीच खोटी नाही. एकाने तसे केल्याचे मला ठाऊक आहे. शिवाय ज्यांची वाचनाची सवय सुटली आहे त्यांना आकड्याचा आधार खरोखर होतो. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने मी रात्री मोबाइलवर नको ते पाहत बसत होतो, आणि त्यातून मला बाहेर काढले ते मेहुण्यांच्या याच वहीने. लहान मुलांच्या आव्हानात नवी पुस्तके हातात जावीत म्हणून असा नियम केला तर मी हरकत घेणार नाही. आपण प्रौढ आहात असे गृहीत धरून लिहिले आहे.

आपल्या गटात अजून नियम बदलता येत असेल तर पन्नासापैकी पाच पुनर्वाचने आणि दोन ऐकलेली पुस्तके, एवढी जागा मागून घ्या. आमच्या गटात यंदा तडजोड म्हणून पुनर्वाचनाचे अर्धे पुस्तक धरायचे ठरले आहे, आणि ऐकलेल्या पुस्तकाचा निर्णय पुढे ढकलला आहे. अर्ध्या पुस्तकाला मी संमती दिलेली नाही. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे. आत्याने पोथी आताच काढून ठेवायला लावली असून ती संपल्यावर काय वाचायचे तेही सांगून ठेवले आहे: पुन्हा ‘स्मृतिचित्रे’, पहिल्या भागापासून.