जॅरो मंदीने मेलं की कुणी मारलं?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधलं जॅरो हे जहाजबांधणीचं गाव १९३० च्या दशकात जवळजवळ अख्खं बेकार झालं, ते जागतिक मंदीमुळे की कुणी मुद्दाम संपवलं. शिवाय मुलगी न्यूकॅसलला शिकते, तिच्याकडे जाणार आहात, तर जॅरोत आता बघण्यासारखं काही उरलंय का, हेही विचारलंय. मी बरीच वर्षं न्यूकॅसलमध्ये राहतो आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. मंदीने जॅरोला अंथरुणाला खिळवलं, हे खरं. पण त्याने पुन्हा उठू नये याची तजवीज माणसांनी केली, आणि तीही रीतसर करारावर सही करून.

जॅरो हे टाइन नदीच्या दक्षिण काठावर, समुद्रापासून थोडं आत. १८५० च्या सुमारास वस्ती चार हजारांच्या आत, पोटापाण्याला कोळशाची एक खाण, आणि त्या खाणीलाही घरघर लागलेली. अशा वेळी चार्ल्स मार्क पामर नावाच्या तिशीच्या कारखानदाराने भावाबरोबर इथे शिपयार्ड काढलं. पामर मुळात कोळशाच्या धंद्यातला. लंडनच्या चुली शतकानुशतकं टाइनच्या कोळशावर पेटत होत्या आणि तो कोळसा शिडाच्या जहाजांतून जायचा. रेल्वे आली आणि मध्य इंग्लंडच्या खाणींचा कोळसा लंडनला थेट पोचायला लागला. टाइनवाल्यांचं गिऱ्हाईक हातचं जायला लागलं.

यावर पामरचा उपाय म्हणजे ‘जॉन बोज’ हे वाफेवर आणि पाण्याखालच्या पंख्यावर (प्रॉपेलरवर) चालणारं लोखंडी जहाज. ते ३० जून १८५२ ला पाण्यात उतरलं. पहिल्या खेपेचा हिशोब पामरने स्वतःच सांगून ठेवलाय: ६५० टन कोळसा चार तासांत भरला, ४८ तासांत लंडन, २४ तासांत माल खाली, पुढच्या ४८ तासांत परत टाइनवर. पाच दिवसांत झालेल्या या कामाला शिडाच्या दोन जहाजांना महिन्याहून जास्त लागला असता.

वेग दिसतो, पण त्यामागची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कोळसा उतरवलेलं रिकामं जहाज समुद्रात डगमगतं, म्हणून परतताना त्यात वजन भरावं लागतं. शिडाची जहाजं लंडनहून खडू, वाळू, दगडगोटे भरून आणायची. ते भरायला वेळ, टाइनवर उपसायला वेळ, आणि काठावर टाकायचे पैसे वेगळे. या ओझ्याच्या अक्षरशः टेकड्या नदीकाठी उभ्या राहिल्या होत्या. वाफेच्या कोळसावाहू जहाजांनी दगडांऐवजी समुद्राचं पाणीच भरून घ्यायला सुरुवात केली आणि परतल्यावर पंपाने ते बाहेर काढलं. माणसं नकोत, फावडी नकोत. माझ्या मते जॅरोचं नशीब जितकं इंजिनाने उघडलं तितकंच या पाण्यानेही.

मग गाव सुसाट वाढलं. पामरने स्वतःच्या भट्ट्या उभारल्या, यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर लोहखनिजाच्या खाणी घेतल्या आणि ते खनिज स्वतःच्याच जहाजांनी आणलं. कारखान्याच्या एका टोकाला खनिज आत जायचं आणि दुसऱ्या टोकाने तयार जहाज नदीत उतरायचं. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात ‘टेरर’ या तरंगत्या तोफखान्यासाठी इथे चिलखती प्लेटा लाटून काढल्या. तोवर त्या हातोड्याने ठोकून बनवायचे. १९१२ मध्ये ‘क्वीन मेरी’ ही युद्धनौका इथूनच पाण्यात उतरली. चारच वर्षांनी पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या आरमारी लढाईत ती फुटली आणि १,२६६ माणसं गेली. सगळी मिळून हजाराच्या आसपास जहाजं या एका यार्डात बांधली गेली. आयर्लंडमधून इतके मजूर आले की लोक जॅरोला छोटं आयर्लंड म्हणायचे. १९२१ पर्यंत वस्ती ३५ हजारांवर गेली होती.

काम कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढे काय हिरावलं गेलं ते कळणार नाही. प्लेटा जोडायच्या त्या रिवेटने, म्हणजे तापवून दोन्ही टोकांना ठोकून बसवलेल्या जाड लोखंडी खिळ्यांनी. एका टोळीत चारपाच जण. एक पोरगा भट्टीपाशी बसून रिवेट लालभडक करणार आणि चिमट्याने उचलून फेकणार. दुसरा ते झेलून भोकात घालणार. आतल्या बाजूने एकजण जड हातोडा टेकवून रिवेट दाबून धरणार आणि बाहेरून दोघे आळीपाळीने ठोकणार, शक्यतो एक उजवा आणि एक डावखुरा, म्हणजे घाव एकमेकांत अडकत नाहीत. रिवेट थंड व्हायच्या आत डोकं बसलं पाहिजे. मजुरी बसवलेल्या रिवेटच्या हिशोबाने. चाळिशीपर्यंत कान गेलेले असायचे. हे कसब अंगात मुरायला वर्षं लागायची, आणि यार्डाबाहेर त्याला कवडीची किंमत नव्हती.

१८७५ मध्ये जॅरोला नगरपालिका मिळाली आणि पहिला महापौर झाला पामरच. पुढे खासदारही तोच, १९०७ मध्ये वारला तोपर्यंत. गावातलं इस्पितळही त्याच्या पत्नीच्या स्मरणार्थ त्याने बांधलेलं. लोक हे कौतुकाने सांगतात. मला मात्र इथेच धोका दिसतो. पगार, खासदार, दवाखाना सगळं एकाच दारातून येत असेल, तर ते दार बंद झाल्यावर जायचं कुठे?

पहिल्या महायुद्धानंतर जगात जहाजं जास्त आणि माल कमी अशी गत झाली. ब्रिटनमधल्या यार्डांची क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली होती. पामरची कंपनी त्यात कर्जबाजारी झालेली. १९३२ मध्ये ‘डचेस’ ही विनाशिका पाण्यात उतरली. ते पामरचं शेवटचं जहाज. इथपर्यंत दोष मंदीचा आणि कंपनीच्या कारभाराचा, हे मी मान्य करतो.

पुढचं ऐका. १९३० मध्ये जहाजबांधणीतल्या मालकांनी मिळून ‘नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी’ नावाची कंपनी काढली होती. सर जेम्स लिथगो तिचे प्रमुख, पाठीशी बँक ऑफ इंग्लंड. सभासद यार्डांनी आपल्या कामाच्या किमतीवर एक टक्का वर्गणी द्यायची आणि त्या पैशातून ‘जादा’ यार्ड विकत घेऊन बंद करायचे, म्हणजे उरलेल्यांना काम पुरेल. १९३४ मध्ये या कंपनीने पामरचा यार्ड घेतला, आणि विक्रीच्या करारात अट घातली की या जागेवर पुढची ४० वर्षं जहाज बांधायचं नाही. चाळीस वर्षं! म्हणजे तेव्हा वीस वर्षांचा असलेला रिवेटवाला साठीला येईपर्यंत. मंदी दोनचार वर्षांत सरली असती, तरी ही अट सरणार नव्हती. गावातल्या कामगारांपैकी ७० टक्क्यांहून जास्त बेकार झाले होते.

गावकऱ्यांनी दुसरा दरवाजाही ठोठावला. जुन्या यार्डाच्या जागी आधुनिक पोलाद कारखाना काढायची योजना पुढे आली. पोलाद कारखानदारांच्या संघाने ती रोखून धरली, कारण नवा कारखाना म्हणजे जुन्यांना स्पर्धा. गावकऱ्यांचं शिष्टमंडळ व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांना भेटलं, तेव्हा जॅरोने आपला उद्धार आपणच करावा, असं उत्तर मिळालं. नदीकाठी शंभर वर्षं खपलेल्या गावाला हे ऐकवलं गेलं याचा मला आजही संताप येतो.

त्यातून १९३६ चा मोर्चा निघाला. ५ ऑक्टोबरला २०० पुरुष लंडनकडे चालत निघाले, जवळजवळ ४५० किलोमीटर. ओकच्या लाकडी पेटीत ११ हजारांवर सह्यांचा अर्ज. भीक नको, काम द्या, एवढंच मागणं. पक्षाचा झेंडा घ्यायचा नाही असं ठरलेलं, त्यामुळे वाटेतल्या मुक्कामांची सोय पाहायला मजूर आणि हुजूर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते पुढे गेले. लेस्टरला सहकारी संस्थेच्या चांभारांनी रात्रभर जागून सगळ्यांचे बूट फुकट दुरुस्त करून दिले. मोर्चाबरोबर बरीचशी वाट चालल्या त्या जॅरोच्या खासदार एलेन विल्किन्सन. उंची पाच फुटांच्याही आत, पण आवाज खणखणीत. गाव आपोआप मेलं नाही, त्याचा खून झाला, हे शब्द त्यांचेच, पुढे १९३९ मधल्या त्यांच्या पुस्तकातले. आपल्याकडच्या वाचकांना हेही माहीत असावं की १९३२ मध्ये भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या ब्रिटनमधल्या इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून त्या भारतात आल्या होत्या आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना भेटल्या होत्या.

३१ ऑक्टोबरला मोर्चा लंडनला पोचला. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेट नाकारली. ४ नोव्हेंबरला अर्ज संसदेत सादर झाला, चार शब्द बोलले गेले आणि विषय संपला. माणसं रेल्वेने घरी परतली, तर त्यांचा बेकारभत्ता कापलेला. कारण काय, तर चालत असताना ते कामासाठी ‘उपलब्ध’ नव्हते.

आज या मोर्चाचं सगळेच कौतुक करतात. त्या वेळी मात्र डरहॅमच्या बिशपने त्याच्यावर टीका केली होती, आणि ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार संघटनांच्या शिखर संस्थेनेही आपल्या स्थानिक मंडळांना मदत करू नका असं कळवलं होतं. कौतुक स्वस्त झालं ते सगळं उरकल्यावर.

मधल्या काळात जॅरोला जे काम मिळालं ते जहाजं तोडायचं. सरे परगण्यातले खासदार सर जॉन जार्व्हिस यांच्या खटपटीने ‘टायटॅनिक’ची थोरली बहीण ‘ऑलिंपिक’ १९३५ मध्ये इथे मोडीत आली, मागून ‘बेरेंगारिया’ हे दुसरं मोठं प्रवासी जहाज. काहीशे लोकांना काही काळ मजुरी मिळाली, हे उपकारच. पण ज्या हातांनी आयुष्यभर जहाजं जोडली त्यांनाच ती कापायला लावणं किती जड गेलं असेल! खरं काम आलं ते युद्धाची तयारी सुरू झाल्यावर.

आता बघण्याबद्दल. न्यूकॅसलहून मेट्रोने जॅरो फार लांब नाही. स्टेशनवरच मोर्चाचं धातूतलं उठावशिल्प आहे. बाजारात मॉरिसन्स या सुपरमार्केटबाहेर २००१ मध्ये बसवलेलं ब्राँझचं शिल्प बघा: जहाजाच्या फासळ्यांमधून माणसं बाहेर पडतायत, तान्हं बाळ घेतलेली बाई, मुलं आणि एक कुत्राही. मोर्चाबरोबर खरोखरच एक कुत्रा चालला होता. तिथून सेंट पॉल चर्चला जा. तिथल्या भिंतीतला समर्पणाचा शिलालेख इ.स. ६८५ चा आहे आणि बीड नावाचा जुना इंग्रज साधू-इतिहासकार इथल्याच मठात राहून लिहीत होता. यार्डाची म्हणाल, तर त्याच्या भव्यतेची कल्पना येईल असं जागेवर फारसं काही नाही. वेळ उरला तर १९५१ मध्ये खुल्या झालेल्या, नदीखालून जाणाऱ्या पादचारी बोगद्यातून पलीकडच्या हाउडनला चालत जाता येतं. तो यार्डात आणि कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांसाठीच खणला होता. दुरुस्तीसाठी तो अधूनमधून बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.