घरात चोरी झाली, लेक अजून घाबरलेलीच आहे

प्रश्न : ताई, दीड-दोन महिन्यांपूर्वी रात्री आमच्या घरात चोर शिरले, ह्यांना चाकू दाखवून दागिने पैसे घेऊन गेले, कुणाला लागलं नाही तेवढं नशीब. पण नऊ वर्षांची लेक तेव्हापासून एकटी झोपत नाही, अंथरूण ओलं करते, बाहुल्या घेऊन सारखा चोर-चोर खेळते, तोच खेळ. खिडकीची कडी मी लावली नव्हती असं एकदा म्हणाली. येणारे-जाणारे तिला विचारतात, सांग बघू काय झालं. मी म्हणते विषयच काढू नका, विसरेल. सासूबाई म्हणतात बोलू दे तिला. पंधरा वर्षांचा मुलगा मात्र एकदम नॉर्मल आहे. उद्या कोर्टात बोलावलं तर, म्हणून तिची तयारी करून घ्यायची का?
– एक आई

उत्तर : आधी ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बंद करा, आजच. पाहुण्यांसमोर परत परत सांगायला लावणं म्हणजे बोलू देणं नाही, तो तमाशा झाला. सासूबाईंचं बरोबर आहे, फक्त कधी आणि कुणाशी बोलायचं ते लेकीने ठरवायचं, ती बोलायला लागली की तुम्ही हातातलं काम सोडून ऐकायचं आणि विषय बदलायचा नाही. घरात कुणी बोलतच नाही म्हटल्यावर पोरं काय समजतात, की हे एवढं भयंकर आहे की आईलासुद्धा झेपत नाही.

त्या खेळावरून रागावू नका. १९७६ साली कॅलिफोर्नियात चाउचिला इथे शाळेच्या बसमधल्या २६ मुलांना ड्रायव्हरसकट पळवून नेऊन जमिनीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडलं होतं, सगळी जिवंत सुटली. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ बाई नंतर त्या मुलांना भेटल्या तेव्हा त्यांना असेच खेळ दिसले, तेच तेच आणि मजा अजिबात नाही. काही मुलं तर आधीच्या भलत्याच गोष्टींत अपशकुन शोधत बसली होती, आपण अमुक केलं म्हणून हे झालं. तुमच्या लेकीची कडी तीच आहे! तिला सरळ सांगा, कडी लावलेली असो नसो, चोरी चोरांनी केली, चूक त्यांची. एकदा सांगून भागणार नाही, परत विचारेल तेव्हा परत सांगा, न कंटाळता.

अंथरूण ओलं होणं, आईला चिकटणं हे अशा धक्क्यानंतर होतं, त्यावर ओरडू नका. पहिले काही आठवडे झोपेची, शाळेची, खेळाची वेळ रोजच्यासारखी ठेवली आणि जवळ झोपू दिलं की बरीच मुलं सावरतात. पण तुमचा महिना कधीच उलटून गेलाय, आता लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. अशा मुलांसाठी ट्रॉमावर, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी) नावाची थेरपी आहे, साधारण तीन-चार महिने चालते आणि त्यात आईवडिलांनाही घेतात, ते फार बरं, कारण घाबरलेले तुम्हीही आहात.

कोर्टासाठी घोकून घेऊ नका प्लीज. तोच प्रश्न चारदा विचारला की मुलांना वाटतं आधीचं उत्तर चुकलं, मग ती बदलतात, तुम्ही सुचवलेलं त्यांच्या आठवणीत मिसळतं आणि उलटतपासणीत सगळं अंगाशी येतं. तयारी करायचीच तर कोर्टात कोण कुठे बसतं ते दाखवा, आणि ‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’ हीसुद्धा उत्तरं असतात हे सांगा. आइसलंडमध्ये १९९८ पासून, मुख्यतः अत्याचार झालेल्या मुलांसाठी, घरासारखी एक जागाच केलीय, तिथे ट्रेनिंग घेतलेली एकच व्यक्ती मुलाशी बोलते, बाकीचे दुसऱ्या खोलीतून बघतात आणि सगळं रेकॉर्ड होतं. २००५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात, मुलांचे जबाब कमीत कमी वेळा घ्या, आरोपीच्या समोर विनाकारण उभं करू नका. तेव्हा पोलिसांना आणि सरकारी वकिलांना आधीच विचारा, पडद्याची किंवा व्हिडिओची सोय होईल का, सोबत कोण बसू शकतं. विचारायला लाजू नका, न विचारता फार कमी मिळतं.

आता मुलगा. ‘एकदम नॉर्मल’ वाचूनच मला शंका आली. या वयात भीती दाखवायची लाज वाटते, त्यात बाबांवर चाकू रोखलेला पाहिलाय आणि आपण काहीच केलं नाही हे त्याला खात असेल. समोर बसवून विचाराल तर ‘काही नाही’ म्हणेल, दोघं कुठे निघाला असाल, काही काम करत असाल तेव्हा सहज विषय काढा. चिडचिड, रात्री जागणं, मित्र तोडणं, स्वतःला इजा करणं किंवा जगण्यात अर्थ नाही असलं बोलणं, यावर लक्ष ठेवा; यातल्या शेवटच्या दोन्हींसाठी तर एक दिवससुद्धा थांबू नका, आणि लेकीची अपॉइंटमेंट घेताना त्याचीही घ्याच.