पावसाळाभर उभ्या असलेल्या कॅम्पर व्हॅनमधला कुबट वास कसा घालवायचा?

फिनाईल, एअर फ्रेशनर, कापूर, जे काही आणून ठेवलं असेल ते तूर्त बाजूला ठेवा. जूनपासून उघड्या पार्किंगमध्ये गाडी उभी, वर ताडपत्री, आता दार उघडलं की कुबट वास आणि दिवाळीत कुटुंबाला घेऊन कोकणात जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. हे सगळं माझ्याकडून झालेलं आहे, ताडपत्रीसकट. माझी गाडी फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसवर पुण्यात बांधून घेतलेली आहे. प्लायची कपाटं, १०० लिटरची टाकी, कॅसेट टॉयलेट (खालचा मैल्याचा डबा ओढून काढून रिकामा करायचा, तसलं). पहिली दोन वर्षं मी दसऱ्याला पाईप लावून गाडी झकास धुवायचो, झेंडूची माळ घालायचो आणि दिवाळीत आत पुन्हा तोच वास. आता आधी वाळवतो, मग धुतो.

ऑक्टोबरचं ऊन ही फुकटची मशिनरी आहे, ती वापरा. ताडपत्री काढा, सगळी दारं, खिडक्या, छतावरचं झाकण, कपाटं, बाकाखालचे कप्पे उघडा. गाद्या बाहेर काढून दोन दिवस दोन्ही बाजूंनी उन्हात टाका. वरून कोरड्या दिसल्या तरी उलटून बघाच, कारण झोपणाऱ्याच्या अंगाची वाफ फळीला लागलेल्या बाजूला साठते आणि काळे ठिपके तिथेच सुरू होतात. पडदे, पायपुसणी, कोपऱ्यात विसरलेला पुठ्ठ्याचा खोका, सगळं बाहेर. संध्याकाळी दव पडायच्या आत मात्र बंद करायचं. असं तीन दिवस. तेवढ्यात वास अर्धा कमी होतो आणि उरलेला कुठून येतोय ते नाकाला कळतं.

उरलेला वास म्हणजे बहुतेक वेळा कुठून तरी पाणी आत येतंय. हे शोधल्याशिवाय पुढची सफाई फुकट आहे. छतावर चढा (शिडी धरायला कोणीतरी हवं) आणि सोलर पॅनेलचे पाय, झाकणाची चौकट, वायर आत जाते ती जागा, कडेच्या पट्ट्या नखाने दाबून बघा. एप्रिल-मेच्या उन्हात सांध्यांत भरलेलं सीलंट तडकतं आणि जूनमध्ये पाणी त्या केसाएवढ्या भेगेतून उतरतं. आतून प्लाय अंगठ्याने दाबा, मऊ लागला किंवा कड फुगलेली दिसली की तिथे थांबा. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने साध्या पाइपने खालून वर, एकेक सांधा करत पाणी सोडायचं. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर गळती कुठली ते कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो धड असलेल्या रबराच्या मागेही पाणी घुसवतो. आणि जुन्या सिलिकॉनवर नवा थर ओढू नका, तो धरतच नाही. जुनं पूर्ण खरवडून, पुसून, कोरडं करून छतासाठी पॉलियुरेथेनचं सीलंट भरा.

आता बुरशी. कोरड्या ब्रशने घासू नका, ती धूळ होऊन गाडीभर उडते. एन-९५ मास्क, हातमोजे, उघडी दारं. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसायचं, फडकं वरचेवर बदलायचं, लगेच कोरड्याने पुसून पंखा लावायचा. उघड्या प्लायवर ब्लीच ओतण्यात अर्थ नाही, रंग उडतो पण पाणी लाकडात मुरतं आणि बुरशीला परत खायला मिळतं. मऊ पडलेला तुकडा कापून बदलायचा, दुसरा इलाज नाही.

आपल्या गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट असते, फोडणी. शेगडीवरच्या छताला आणि पंख्याच्या पात्यांना तेलाचा चिकटा बसतो, त्यावर धूळ आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी. कडकडीत पाणी, भांड्याचा साबण आणि धीर. मी एकदा शहाणपणा करून ॲल्युमिनियमची जाळी धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवली. चिकटा गेला, जाळीही काळीठिक्कर झाली. बायको अजून ती जाळी पाहुण्यांना दाखवते.

शेगडीपाशी आहातच तर गॅसच्या नळीवरची छापील मुदत बघा, उंदराने कुरतडली नाही ना ते बघा आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. उभ्या गाडीत उंदीर येतातच. बाकाखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंगही तपासा.

पिण्याच्या पाण्याची टाकी हा भाग घाईत करू नका. जुनं पाणी पूर्ण सोडा, फिल्टरचं कार्ट्रिज काढून ठेवा. बिनवासाचं साधं ब्लीच घ्या, लेबलवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १०० लिटरला १०० मिली पुरतं. आधी बादलीभर पाण्यात मिसळून ओता, टाकी भरा, मग प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत चालू ठेवा, म्हणजे ते नळ्यांतही पोचतं. चार तास तसंच राहू द्या, सोडून द्या, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. त्याच दिवशी टॉयलेटला ॲसिडवालं क्लीनर वापरायचं असेल तर दोन्हीची गाठ पडू देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि एवढ्याशा बंद जागेत तो जीवावर बेतू शकतो. खरं तर कॅसेटला ॲसिडही नको आणि ब्लीचही नको, त्याचं रबर कडक होतं. साबणपाणी, आणि रबराला थोडं सिलिकॉन ग्रीस. खोबरेल किंवा व्हॅसलीन नाही.

सांडपाण्याच्या टाकीला हात पोचत नाही. ती अर्धी भरा, भांड्याचा साबण टाका आणि सासवडपर्यंत एक फेरी मारून या. आपले गतिरोधक इथे पहिल्यांदा उपयोगी पडतात. रिकामी मात्र ड्रेनेजमध्येच करा, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नको.

खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर काचेचा स्प्रे किंवा स्पिरिट लावू नका, आतून बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्या जात नाहीत. भरपूर पाणी, साबण, मऊ कापड. फ्रिज खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून दार उघडं ठेवा.

पुढच्या जूनमध्ये प्लास्टिकची ताडपत्री आवळून बांधू नका. आतली वाफ बाहेर पडत नाही, तुमच्या आताच्या वासात तिचा मोठा हात आहे. शेड मिळाली तर उत्तम, नाहीतर हवा खेळणारं कव्हर, गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, कपाटं उघडी आणि दर रविवारी पाऊस उघडला की अर्धा तास दारं सताड. मी तेवढ्यात आत बसून पेपर वाचतो.